महानायकांची झूल आणि तिचे मालक

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये गेल्या सत्तर वर्षांत चित्रकथांचा असा एक प्रवाह वाढत गेला आहे, ज्यात आकाशात झेपावणारे, अंगाला घट्ट बसणारा रंगीत पोशाख आणि खांद्यांवरून रुळणारी झूल मिरवणारे महानायक, म्हणजेच सुपरहीरो, हे दारुडे, लंपट, भेकड किंवा सरळसरळ खुनी म्हणून समोर येतात. प्रौढांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या या चित्रकथांत शिवराळ भाषा, नग्नता आणि अंगावर येणारी हिंसा असते, आणि त्यामुळे त्यांच्याकडे केवळ चावट करमणूक म्हणून पाहण्याची सवय बहुतेक ठिकाणी रुजलेली आहे. ही सवय त्या लेखनावर अन्याय करणारी आहे. कारण या प्रवाहातील उत्तम कृती लक्षपूर्वक वाचल्या, तर त्यांचा रोष महानायकाच्या शक्तीवर जितका आहे त्याहून अधिक तो त्या महानायकाची मालकी ज्यांच्या हाती आहे त्या कंपन्यांवर आहे, असे दिसून येते.

विडंबनाला मूळ कृतीची ओळख लागते. आचार्य अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ वाचताना रविकिरण मंडळाच्या कवितेची धाटणी ठाऊक नसेल, तर निम्मी गंमत वाचकाच्या हाती लागत नाही. आणि महानायकांच्या विडंबनाचेही नेमके तसेच आहे. मराठी वाचकांच्या एका पिढीला या पोशाखी नायकांचा परिचय ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधल्या वेताळापासून झाला, आणि योगायोग असा की ली फॉक यांचा हा नायक, मूळचा फँटम, १९३६ साली अमेरिकी वृत्तपत्रांत अवतरला तो सुपरमॅनच्या दोन वर्षे आधी, अंगाबरोबरचा पोशाख आणि डोळ्यांवरचा मुखवटा घालूनच. त्या पोशाखामागची नीती सरळ होती: नायक बलवान आहे, तो चांगला आहे, आणि तो चांगला आहे म्हणून त्याच्या बळावर कोणाचा अंकुश असण्याची गरज नाही. विडंबनकारांनी नेमक्या या तिसऱ्या गृहीतकावर बोट ठेवले.

सुपरमॅनच्या जन्मकथेत या साऱ्या रोषाचे बीज आहे. क्लीव्हलंड शहरातील जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी कल्पिलेला हा नायक १९३८ साली ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात छापला गेला, आणि त्याचे सर्व हक्क त्यांनी प्रकाशकाला १३० डॉलरना विकले. नायक जगभर पोचला, त्याचे चित्रपट आणि खेळणी निघाली, पण त्याचे निर्माते पुढील आयुष्यात हलाखीत राहिले. १९७५ साली नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन या व्यंगचित्रकारांनी त्यांची बाजू लोकांपुढे मांडल्यानंतर कंपनीने दोघांना वार्षिक २०,००० डॉलरची पेन्शन देऊ केली आणि प्रत्येक कथेवर त्यांचे नाव छापण्याचे मान्य केले. अन्यायाविरुद्ध लढणारा जगातला सर्वांत प्रसिद्ध नायक आपल्याच जन्मदात्यांवरच्या अन्यायावर बांधलेला होता, ही गोष्ट या व्यवसायातील प्रत्येक लेखक-चित्रकाराला ठाऊक होती आणि तिचा सल त्यांच्या मनात होता.

सुपरमॅनच्या यशानंतर नक्कलांचा पूर आला. त्यांपैकी फॉसेट या प्रकाशनसंस्थेचा कॅप्टन मार्व्हल हा नायक चाळिशीच्या दशकात खपाच्या बाबतीत सुपरमॅनच्याही पुढे गेला, तेव्हा सुपरमॅनच्या प्रकाशकाने स्वामित्वहक्काचा भंग झाल्याचा दावा १९४१ मध्ये दाखल केला. तो खटला बारा वर्षे चालला आणि १९५३ मध्ये तडजोडीने संपला, ज्यात फॉसेटने ४,००,००० डॉलर मोजले आणि कॅप्टन मार्व्हलचे प्रकाशन बंद केले. अगदी त्याच वर्षी ‘मॅड’ या नव्या विनोदी चित्रकथामालिकेच्या चौथ्या अंकात हार्वी कुर्ट्झमन यांनी लिहिलेली आणि वॉली वुड यांनी रेखाटलेली ‘सुपरड्युपरमॅन’ ही कथा आली, आणि महानायकांच्या विडंबनाला तिच्यापासून खरा आकार आला.

कथेतला क्लार्क बेंट हा वृत्तपत्रातला सर्वांत खालच्या पायरीवरचा नोकर आहे, त्याला कोणी विचारत नाही, आणि क्ष-किरणांसारखी भेदक दृष्टी तो गुन्हेगार शोधण्यासाठी वापरण्याऐवजी भिंतीपलीकडच्या स्त्रियांकडे चोरून पाहण्यासाठी वापरतो. त्याचा प्रतिस्पर्धी कॅप्टन मार्बल्स याने तर सत्कृत्ये सोडून पैसा मिळवण्याचा धंदा पत्करला आहे. दोघांची झुंज होते आणि सुपरड्युपरमॅन आपल्या शक्तीने नव्हे, तर प्रतिस्पर्ध्याला स्वतःलाच ठोसा लगावायला लावून जिंकतो. न्यायालयात दोन कंपन्यांची चाललेली लढाई कुर्ट्झमन यांनी दोन नायकांच्या अंगात घातली आणि असे करताना महानायक हा मालकाच्या हिताचा पहारेकरी असतो, ही गोष्ट आठ पानांत दाखवून दिली. वुड यांनी प्रत्येक चौकटीचा कोपरान् कोपरा बारीकसारीक विनोदांनी भरून टाकला होता, आणि मागच्या भिंतीवरही वाचकाने नजर टाकावी अशी ही रीत पुढच्या विडंबनकारांनी जशीच्या तशी उचलली.

मात्र ही वाट लगेच अडवली गेली. १९५४ साली फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने चित्रकथांमुळे मुले बिघडतात असा आरोप करणारे पुस्तक प्रसिद्ध केले, अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या, आणि सरकारी बंदी टाळण्यासाठी प्रकाशकांनी स्वतःच ‘कॉमिक्स कोड’ नावाची आचारसंहिता स्वीकारली. तिच्यानुसार छापण्यापूर्वी प्रत्येक अंक तपासला जाई आणि पसंत पडला तर मुखपृष्ठावर शिक्का मिळे. शिक्का नसलेला अंक वितरक बहुधा उचलत नसत. या संहितेतली एक अट येथे महत्त्वाची आहे: पोलीस, न्यायाधीश, शासकीय अधिकारी आणि प्रतिष्ठित संस्था यांच्याविषयी अनादर निर्माण होईल असे चित्रण करण्यास तिने मनाई केली होती. महानायक हा या सर्वांचा मित्र असल्यामुळे तोही आपोआप या कुंपणाच्या आत सुरक्षित झाला. ‘मॅड’ने १९५५ मध्ये चित्रकथेचे रूप टाकून मासिकाचे रूप घेतले आणि त्यामुळे ते संहितेच्या कक्षेबाहेर राहिले, विद्यार्थ्यांच्या नियतकालिकांतून आणि पुढे साठच्या दशकातील बंडखोर, चोरवाटेने विकल्या जाणाऱ्या चित्रकथांतून गिल्बर्ट शेल्टन यांचा ‘वंडर वॉर्ट-हॉग’ हा डुक्करतोंड्या महानायक हिंडत राहिला, पण मुख्य बाजारपेठेत वीस वर्षे शुकशुकाट होता.

हे कुंपण कोणत्याही निकालाने मोडले नाही, विक्रीच्या पद्धतीने मोडले. सत्तरच्या दशकात फिल स्यूलिंग यांनी थेट विक्रीची व्यवस्था सुरू केली, जिच्यात केवळ चित्रकथा विकणारी दुकाने प्रकाशकाकडून वाढीव सवलतीत अंक घेत आणि न खपलेले अंक परत करण्याचा हक्क सोडून देत. न खपलेल्या प्रती परत येणार नाहीत म्हटल्यावर छोट्या प्रकाशकालाही थोड्या प्रती काढून तग धरता येऊ लागला, दुकानात येणारा गिऱ्हाईक बहुधा प्रौढ असल्यामुळे शिक्क्याची गरज उरली नाही, आणि निर्मात्याला आपल्या कृतीचे हक्क स्वतःकडे राखता येऊ लागले. या प्रवाहाचा इतिहास सांगताना धाडसी लेखकांची नावे पुढे येतात, ते योग्यच आहे, पण परत न घेतल्या जाणाऱ्या अंकांच्या या रुक्ष हिशेबाशिवाय त्यांचे धाडस छापले गेले नसते.

नव्या व्यवस्थेतून आलेल्या पहिल्या कृतींपैकी एक ‘डिस्ट्रॉयर डक’ ही १९८२ सालची. लेखक स्टीव्ह गर्बर यांनी मार्व्हल कंपनीसाठी हॉवर्ड नावाचे बदक निर्माण केले होते, आणि त्याच्या मालकीवरून त्यांचा कंपनीशी न्यायालयीन वाद चालू होता. त्या खटल्याचा खर्च भागवण्यासाठी काढलेल्या या अंकात एक लढवय्या बदक आपल्या मित्राला गिळंकृत करणाऱ्या ‘गॉडकॉर्प’ नावाच्या महाकाय कंपनीचा सूड घेते. त्याची चित्रे जॅक कर्बी यांनी विनामोबदला काढली, ज्यांनी मार्व्हलचे निम्मे विश्व उभे केले होते आणि जे स्वतः मूळ चित्रांच्या आणि श्रेयाच्या बाबतीत दुखावलेले होते. सुपरमॅनच्या विक्रीचा सल येथे प्रथमच विडंबनाच्या पृष्ठभागावर आला आणि खलनायकाच्या जागी थेट मालक उभा राहिला.

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये आणखी एक धागा पुढे सरकला. कॅप्टन मार्व्हलचे प्रकाशन थांबल्यावर त्याचे ब्रिटिश पुनर्मुद्रण करणाऱ्या प्रकाशकाकडे छापण्यासाठी काही उरले नव्हते, म्हणून मिक अँग्लो यांनी १९५४ मध्ये ‘मार्व्हलमॅन’ नावाचा जुळा नायक रचला होता. हा नायक ॲलन मूर यांनी १९८२ मध्ये ‘वॉरियर’ मासिकात पुन्हा जागा केला आणि मन लावून एकच प्रश्न विचारला, की एवढ्या शक्तीचा माणूस खरोखर असता तर त्याच्या आसपासच्या सामान्य माणसांचे काय झाले असते. ‘सुपरड्युपरमॅन’चे ऋण मूर यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे, त्या कथेतला विनोद एक पाऊल पुढे नेला की त्याची भीती होते, हे त्यांच्या ध्यानात आले होते. १९८६ मध्ये सुरू झालेले त्यांचे आणि डेव्ह गिबन्स यांचे ‘वॉचमेन’ याच वाटेवरचे आहे, परंतु ते इतके गंभीर आणि इतके चर्चिलेले आहे की त्याला विडंबन म्हणणे अपुरे ठरते.

विडंबनाचा निखळ आणि निर्दय अवतार हवा असेल, तर तो ‘मार्शल लॉ’मध्ये सापडतो. त्याचे लेखक पॅट मिल्स हे ‘२०००एडी’ या १९७७ मध्ये निघालेल्या ब्रिटिश साप्ताहिकाचे जनक, आणि त्याआधीच्या वर्षी त्यांनी घडवलेले ‘ॲक्शन’ हे मुलांचे साप्ताहिक हिंसक म्हणून ओरड झाल्यामुळे मागे घेतले गेले होते. पहिल्या महायुद्धातील खंदकांत झुंजणाऱ्या एका अल्पवयीन, गरीब सैनिकाची ‘चार्लीज वॉर’ ही चित्रकथा मिल्स यांनी १९७९ पासून लिहिली, आणि ब्रिटिश चित्रकथेतील ती श्रेष्ठ कृती मानली जाते. ज्याने सामान्य माणसाचे शौर्य इतक्या आत्मीयतेने लिहिले, त्याला जन्मजात शक्तीच्या जोरावर नायक ठरणाऱ्यांचा तिटकारा वाटावा यात नवल नाही. चित्रकार केव्हिन ओ’नील यांची कहाणीही तितकीच बोलकी आहे: १९८६ मध्ये मूर यांनी लिहिलेल्या ‘ग्रीन लँटर्न’ या महानायकाच्या एका कथेसाठी त्यांनी काढलेली चित्रे संहितेच्या तपासनिसांनी नाकारली, आणि कोणता बदल केला म्हणजे चालेल असे विचारल्यावर कोणत्याच बदलाने भागणार नाही, आक्षेप त्यांच्या शैलीवरच आहे, असे उत्तर मिळाले. कथा शिक्क्याविना छापावी लागली.

या दोघांचा ‘मार्शल लॉ’ १९८७ मध्ये सुरू झाला तो मार्व्हल कंपनीच्याच ‘एपिक’ या उपप्रकाशनातून, जेथे निर्मात्याला हक्क स्वतःकडे ठेवता येत. भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जागी उभ्या राहिलेल्या ‘सॅन फ्यूचरो’ शहरात ही कथा घडते. अमेरिकी सरकारने दक्षिण अमेरिकेतील एका युद्धासाठी तरुणांच्या शरीरात जनुकीय बदल घडवून त्यांना महानायक बनवले, आणि युद्ध संपल्यावर वेदना जाणवत नसलेले, बेकार आणि उद्ध्वस्त मनाचे हे सैनिक टोळ्या करून शहरभर पसरले. जो गिलमोर हा त्यांच्यातलाच एक असून तो आता पोलीस आहे, आणि काटेरी तार हाताला गुंडाळून महानायकांची शिकार करतो. सर्वांच्या आदराचे स्थान असलेला ‘पब्लिक स्पिरिट’ हा सुपरमॅनच्या साच्यातला देखणा वीर. आणि त्याच्या तेजस्वी प्रतिमेमागे काय दडले आहे, हे सहा अंकांत हळूहळू उघड होते.

व्हिएतनामच्या युद्धाची छाया या कथेवर उघड आहे, आणि महानायकांच्या चित्रकथांनी तरुणांना युद्धाची स्वप्ने दाखवली हा तिचा आरोप आहे. म्हणूनच ओ’नील यांनी महानायकांच्या कातडी पोशाखांवर, बिल्ल्यांवर आणि भिंतींवर कोरलेल्या घोषणा केवळ सजावट राहत नाहीत. जाहिरातीची आणि सैन्यभरतीची भाषा माणसाच्या अंगावर कशी गोंदली जाते, ते त्या दाखवतात. याहून लक्षणीय बाब अशी की १९८९ च्या पुढच्या कथेत मार्शल लॉ मॅनहॅटनमध्ये वेड्यांच्या इस्पितळात शिरतो, जेथील रुग्ण मार्व्हलच्या स्वतःच्या प्रसिद्ध नायकांवर बेतलेले आहेत, आणि ती कथाही मार्व्हलनेच प्रसिद्ध केली. तीत पनिशर या लोकप्रिय बंदूकधारी नायकाचे रूप घेतलेला ‘पर्सिक्यूटर’ येतो, आणि सूड म्हणजेच न्याय मानणाऱ्या वाचकाला आपण कोणावर प्रेम करत होतो हे पाहावे लागते.

वाचकाचाही हिशेब मांडणारी दुसरी कृती म्हणजे रिक व्हीच यांची १९९० सालची ‘ब्रॅट पॅक’. तिच्यामागे १९८८ मधील एक खरीखुरी घटना आहे, जिच्यात बॅटमॅनचा किशोरवयीन साथीदार रॉबिन जगावा की मरावा हे प्रकाशकाने दूरध्वनीवरच्या मतदानावर सोपवले. प्रत्येक दूरध्वनीला ५० सेंट पडत होते. ५,३४३ जणांनी मरणाच्या बाजूने, तर ५,२७१ जणांनी जगण्याच्या बाजूने कौल दिला, आणि अवघ्या ७२ मतांच्या फरकाने तो मुलगा मारला गेला. व्हीच यांनी ‘ब्रॅट पॅक’च्या आधी एका कथेच्या सेन्सॉरशिपवरून हीच प्रकाशनसंस्था सोडली होती. त्यांनी महानायकांच्या बालसाथीदारांची कथा लिहिली, ज्यात मुलांना पोशाख, प्रसिद्धी आणि औषधे देऊन वापरले जाते व ती मेली की त्यांच्या जागी नवी भरती होते. ही कृती वाचताना हसू येत नाही. त्या मतदानातला क्रूरपणा इतका उघडा होता की विडंबनकाराला तो वाढवून सांगण्याची गरजच पडली नाही.

पुढच्या पिढीत हा वारसा उत्तर आयर्लंडमध्ये १९७० साली जन्मलेले गार्थ एनिस यांच्याकडे आला. त्यांचे बालपण अमेरिकी महानायकांच्या नव्हे, तर ‘२०००एडी’ आणि ब्रिटिश युद्धकथांच्या सोबतीत गेले, आणि पोशाखी नायकांविषयीचा त्यांचा परकेपणा तेथून आलेला आहे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘हिटमॅन’ या मालिकेत त्यांचा भाडोत्री मारेकरी पहिल्याच अंकात बॅटमॅनच्या अंगावर ओकतो. आणि तरीही त्याच मालिकेच्या ३४व्या अंकात सुपरमॅन एका छपरावर या मारेकऱ्याजवळ बसून आपण एका माणसाला वाचवू शकलो नाही याची खंत सांगतो, तेव्हा त्या लेखनात थट्टेचा लवलेश नसतो. परदेशातून आलेला आणि अमेरिकेच्या स्वप्नावर विश्वास ठेवणारा माणूस म्हणून एनिस यांना सुपरमॅनविषयी खरा आदर आहे, हे त्या अंकातून दिसते, आणि त्या अंकाला आयस्नर पुरस्कारही मिळाला. महानायकाच्या कल्पनेचा द्वेष आणि तिच्या धंद्याचा द्वेष या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे समजण्यासाठी हा अंक वाचलाच पाहिजे.

एनिस आणि चित्रकार डॅरिक रॉबर्टसन यांची ‘द बॉइज’ ही मालिका २००६ पासून २०१२ पर्यंत ७२ अंकांत चालली. बिली बुचर हा रांगडा इंग्रज आणि ह्यूई हा साधासुधा स्कॉटिश तरुण यांच्यासह एक गुप्त पथक महानायकांवर पाळत ठेवते आणि गरज पडेल तेव्हा त्यांना बदडते, एवढे तिचे वरवरचे कथानक आहे. पण हे महानायक ‘व्हॉट-अमेरिकन’ या कंपनीने एका रसायनाच्या जोरावर घडवलेले असून ती कंपनी पूर्वी सैनिकांना निकृष्ट युद्धसामग्री विकून गबर झालेली आहे, आणि आता तिला देशाच्या संरक्षणाचे कंत्राट महानायकांसाठी मिळवायचे आहे. त्यांचे दुर्गुण झाकण्यासाठी तिच्या मालकीच्या चित्रकथा छापल्या जातात, ज्यांत हेच लोक सत्शील दाखवले जातात. आणि या बनावट इतिहासाची खरी बाजू ठाऊक असलेला ‘लीजंड’ नावाचा वृद्ध संपादक चित्रकथांच्या दुकानाखालच्या तळघरात राहतो. सुपरमॅनच्या १३० डॉलरपासून सुरू झालेला हिशेब येथे पूर्ण मांडलेला दिसतो.

मालिकेतला सर्वांत जिव्हारी लागणारा प्रसंग अपहृत विमानाचा आहे. २००१ मधील अमेरिकेवरील दहशतवादी हल्ल्याच्या दिवशी सर्वश्रेष्ठ महानायकांचे पथक त्या विमानात शिरते, पण बचावाचे प्रशिक्षण कोणीच घेतलेले नसल्यामुळे सारे फसते आणि विमान ब्रुकलिनच्या पुलावर कोसळते. एनिस यांनी युद्धकथा आयुष्यभर अभ्यासाने लिहिल्या आहेत, आणि शौर्य म्हणजे कसब, शिस्त आणि जबाबदारी ही त्यांची धारणा या प्रसंगात ठळकपणे जाणवते. उडता येणे हा त्यांच्या दृष्टीने गुण नाही, ते केवळ साधन आहे.

तरीही ‘द बॉइज’चे दोष झाकता येत नाहीत. स्टारलाइट या नव्या नायिकेवर महानायकांच्या पथकात प्रवेश करतानाच होणारी लैंगिक जबरदस्ती सत्तेच्या दुरुपयोगाचे उदाहरण म्हणून अर्थपूर्ण आहे, परंतु मालिकेत इतरत्र स्त्रियांची आणि समलिंगी व्यक्तींची विटंबना अनेकदा केवळ धक्का देण्यासाठी येते. २००९ च्या ‘हीरोगॅझम’ या उपमालिकेत तर महानायकांचा स्वैराचारच इतकी पाने व्यापतो की कंपनीवरची टीका पाठीमागे पडते. विडंबन ज्याची चीड मनात बाळगते त्याचीच चटक लागणे हा या प्रकारातला जुना धोका आहे, आणि मिल्स यांच्यापासून एनिस यांच्यापर्यंत कोणीही त्यातून पूर्णपणे सुटलेले नाही.

मालकीचा प्रश्न या कृतींच्या प्रकाशनातही घडून गेला. ‘द बॉइज’चे पहिले सहा अंक सुपरमॅनच्या मालक असलेल्या डीसी कंपनीच्या ‘वाइल्डस्टॉर्म’ या विभागाने काढले, आणि २००७ च्या जानेवारीत ती मालिका अचानक बंद केली. हक्क निर्मात्यांकडे असल्यामुळेच त्यांना ती ‘डायनामाइट’ या दुसऱ्या प्रकाशनसंस्थेकडे नेता आली. रॉबर्टसन यांनी ह्यूईचा चेहरा सायमन पेग या अभिनेत्यावरून घेतला होता, आणि २०१९ मध्ये ॲमेझॉनने या चित्रकथेवर मालिका काढली तेव्हा वय वाढलेल्या पेग यांनी तीत ह्यूईच्या वडिलांची भूमिका केली. कंपन्यांवर इतका कडवट रोष असलेली ही कथा घराघरात पोचली ती जगातील सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एकीच्या मार्गाने. ‘मार्शल लॉ’चा संग्रह २०१३ मध्ये डीसीने छापला. ज्यांची शैलीच आक्षेपार्ह म्हणून सत्तावीस वर्षांपूर्वी तपासनिसांनी नाकारली होती, त्या ओ’नील यांची चित्रे त्यात कोणत्याही शिक्क्याशिवाय जाड, बांधीव पुस्तकाच्या रूपात आली, आणि संहिता स्वतः त्याआधी दोन वर्षे, २०११ मध्ये, संपुष्टात आली होती.